गल्लीत पाणी शिरलं, ते हवामान बदलामुळे का?

बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत एका जुलैच्या रात्री पाणी शिरलं. सकाळी पोटरीभर पाण्यात उभे राहून शेजारचे काका म्हणाले, "हे सगळं क्लायमेट चेंज बघा मास्तर, दुसरं काय न्हाई." मी परसात जाऊन पर्जन्यमापक बघितला. साठ मिलिमीटरही भरला नव्हता. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की मग कुठे 'जोरदार पाऊस' म्हणतात. आमची गल्ली बुडवणारा पाऊस त्या पायरीलाही पोचला नव्हता. दुपारी पाणी ओसरल्यावर खरी गोष्ट दिसली. कोपऱ्यावर पूर्वी दगडी कमानीची मोरी होती. तिच्या जागी रस्ता करताना कुणीतरी दोन सिमेंटचे पाइप घातले होते, आणि एका पाइपच्या तोंडाशी थर्माकोल, नारळाच्या करवंट्या आणि एक अख्खी गादी अडकली होती.

गादीचा आणि कार्बन डायऑक्साइडचा संबंध जोडायला मी तयार नाही. पण काकांनी हेच वाक्य २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराबद्दल म्हटलं असतं, तर मी ते इतक्या सहज उडवून लावलं नसतं. फरक कसा करायचा, हे बरेच जण विचारतात: शाळेतली पोरं, नव्यानं शेती हातात घेतलेले तरुण, नोकरीसाठी बेळगावात आलेले लोक, पेपरात नवे लागलेले वार्ताहर. त्यांच्यासाठी हे लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे. हवामान बदलाचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, आणि लोक नेमकी तिथूनच सुरुवात करतात.

१. आधी तक्रार नेमकी करा

"पाऊस वेडा झालाय" हे चहाच्या टपरीवर चालतं, पण ते तपासता येत नाही. कुठे, कोणत्या तारखांना, नेमकं काय झालं? जास्त पडला, उशिरा आला, मधेच ओढ दिली, एका दिवसात कोसळला, गारा पडल्या, की उकाडा वाढला? प्रत्येकाचं कारण वेगळं आणि पुरावाही वेगळा.

'कुठे' हा प्रश्न तर आपल्या जिल्ह्यात फारच नाजूक आहे. खानापूर तालुक्यात घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बेळगाव शहरात येईपर्यंत तो बाराशे-तेराशेच्या घरात उतरतो. आणि पूर्वेला अथणीत पाचशे-सहाशेच्या आसपास. जिल्हा एकच, पण घाटाजवळच्या जांबोटीचा माणूस ज्याला 'जरा उघडीप' म्हणतो तो अथणीकराला चांगला पाऊस वाटेल. म्हणून 'जिल्ह्यात सरासरीच्या अमुक टक्के' ही बातमी वाचून कोणताही निष्कर्ष काढू नका. तालुका बघा, जमलं तर होबळी, म्हणजे तालुक्यातला गावांचा गट, बघा.

आणखी एक. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर ढग भरून येतात, वारा सुटतो, कडाडून पाऊस पडतो, कधी गाराही पडतात. त्याला आपल्याकडे वळीव म्हणतात आणि तो पिढ्यान्‌पिढ्या पडतोय. अलीकडे पेपरवाले त्यालाही सरसकट 'अवकाळी' म्हणतात. आंब्याचं नुकसान होतं हे खरं, पण वळवाला अवकाळी म्हणणं म्हणजे दिवाळीला अनपेक्षित सण म्हणण्यासारखं आहे. अवकाळी म्हणजे शाळू काढणीला आलेला असताना, मसूर उभा असताना पडतो तो.

२. स्वतः मोजा

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बाकीचं सगळं वाचून कळतं, हे केल्याशिवाय कळत नाही.

शीतपेयाची दोन लिटरची, सरळ अंगाची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बाटलीत बसवा. बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो, म्हणून आत चार खडे टाका आणि बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी भरा. तिथे मार्करनं रेघ मारा. ती शून्याची रेघ. तिथून वर पट्टी लावली की जितके मिलिमीटर पाणी चढलं तितके मिलिमीटर पाऊस. कापलेलं तोंड आणि बाटलीचं अंग एकाच रुंदीचं असल्यामुळे वेगळा गुणाकार लागत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे एकदा डोक्यात बसलं की पेपरातले आकडे जिवंत होतात. हजार चौरस फुटांच्या, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पडला तर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी. पाण्याचा एक टँकर झाला की!

बाटली उघड्यावर ठेवा. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब. गच्चीवर शक्यतो नको. तिथे वाऱ्यानं थेंब बाटलीवरून उडून जातात आणि आकडा कमी येतो. रोज सकाळी साडेआठला वाचा, वहीत लिहा, पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणा. साडेआठच का? हवामान खातं तेव्हाच वाचतं, म्हणून. त्यामुळे '१५ तारखेचा पाऊस' म्हणून जो आकडा येतो तो बहुतेक १४ तारखेच्या दिवसाचा आणि रात्रीचा असतो. नवख्यांची पहिली गफलत हमखास इथे होते.

पाऊस पडला नाही त्या दिवशीही शून्य लिहा. कोरी जागा म्हणजे पाऊस नव्हता की तुम्ही लग्नाला गेला होता, हे पाच वर्षांनी कुणाला आठवणार?

तापमानाचं मात्र घरच्या घरी जमवणं अवघड. भिंतीवर टांगलेला थर्मामीटर भिंतीचं तापमान सांगतो. खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर असतो. आणि मोबाइलवर दिसणारा आकडा तुमच्या गल्लीत कुणी मोजलेला नसतो, तो संगणकाचा अंदाज असतो. त्याचा स्क्रीनशॉट टाकून 'बेळगावात उच्चांक' असं लिहू नका.

३. जुन्या नोंदी काढा

हवामान म्हणजे एका वर्षाची गोष्ट नव्हे. जागतिक हवामान संघटना किमान तीस वर्षांची सरासरी धरते. म्हणजे तुमची वही अजून कोवळी आहे. तोवर दुसऱ्यांच्या नोंदी घ्या.

कर्नाटकात राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राची पर्जन्यमापकं ग्रामपंचायतींपर्यंत पोचली आहेत आणि त्यांची दैनंदिन पत्रकं बघता येतात. पत्रक कन्नडमध्ये असलं तर घाबरू नका, तीन शब्द पुरतात: 'मळे' म्हणजे पाऊस, 'वाडिके' म्हणजे नेहमीचा, सरासरीचा, आणि 'शेकडा' तर आपलाच. जुन्या दीर्घ नोंदी हवामान खात्याच्या पुण्याच्या कार्यालयात असतात, ज्याला पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात. तहसील कार्यालयात आणि अनेक साखर कारखान्यांतही पावसाची वही असते. नम्रपणे मागितली तर बघायला मिळते. मला एकदा 'उद्या या' असं सलग चार वेळा ऐकावं लागलं, तेव्हा चिकाटीही लागते.

टक्केवारीला फसू नका. समजा जूनच्या पहिल्या आठवड्याची सरासरी २० मिलिमीटर आहे आणि १० पडला. मथळा येतो, '५० टक्के तूट'. पुढच्या दोन दिवसांत एक बरी सर आली की तूट गायब. हवामान खातं सरासरीच्या १९ टक्के वर-खाली पावसाला सरळ 'सामान्य' म्हणतं. सरासरीपेक्षा वीस टक्के किंवा त्याहून कमी पडला तरच 'तूट'.

वडीलधाऱ्यांच्या आठवणी टाकाऊ नसतात, पण त्यांना तारीख लावावी लागते. तिथे नक्षत्रं फार कामाची. "आमच्या लहानपणी लई पाऊस" यातून काही हाती लागत नाही. पण "मृगात पेरणी व्हायची, तरण्या पावसात नट्टी, म्हणजे भाताची लावणी, चालायची, हत्तीचा पाऊस विहिरी भरून जायचा" यात तारखा आहेत. मृग ७ जूनच्या आसपास, तरणा म्हणजे पुनर्वसू जुलैच्या पहिल्या आठवड्यात, म्हातारा म्हणजे पुष्य २० जुलैच्या सुमारास, हस्त सप्टेंबरच्या शेवटी. आता ते वाक्य नोंदींशी ताडून बघता येतं. एकदा गारपिटीबद्दल "असं पूर्वी कधी झालं नव्हतं" असं मी एका बैठकीत ठणकावून सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी शांतपणे विचारलं, "मग आमच्या कौलांना भोकं कशानं पडली होती?" त्यांच्या लग्नाच्या वर्षीची गोष्ट. लग्नाचं वर्ष कोण विसरतं?

४. पाऊस वेगळा, पूर वेगळा

जुलैत चिकोडी-निपाणी भागातले पूल पाण्याखाली जाऊ लागतात. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी ही नावं दरवर्षीच्या बातम्यांत त्याच क्रमानं येतात म्हणा ना. पण त्या दिवशी चिकोडीत कदाचित ऊनही असेल. ते पाणी महाबळेश्वर, कोयना, राधानगरीच्या डोंगरात पडलेलं असतं. कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेतून ते खाली उतरतं. त्यात धरणांतून किती क्युसेक कधी सोडले, पुढे अलमट्टीत पातळी किती राखली, नदीकाठी भराव किती पडले, असे वादाचे मुद्दे येतात. या वादात मी इथे पडत नाही. सांगायचं इतकंच की कुडचीच्या पुराचं खापर कुडचीच्या आभाळावर फोडता येत नाही.

शहरात तर हे आणखी उघड. बळ्ळारी नाल्याचं पाणी शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात शिरतं आणि भात कुजतं. नाल्यात गाळ, जलपर्णी, काठाला बांधकामं. पाऊस नेहमीचा आणि नुकसान दुप्पट, असं झालं तर आधी नाल्याचा तळ बघा. माझी खरी चीड इथे आहे: हवामान बदल हे सबब म्हणून फार सोयीचं नाव आहे. त्याच्यावर तक्रार दाखल होत नाही, त्याला नोटीस जात नाही.

५. नेहमीचे संशयित आधी तपासा

मान्सून मुळातच लहरी आहे. कोणतंही तापमान वाढण्याच्या आधीही दुष्काळ पडत होते. १८७६-७८ चा दुष्काळ या भागानं भोगला आहे.

पहिला संशयित एल निनो. प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा पूर्वेकडचा भाग तापला की आपल्याकडे मान्सून बऱ्याचदा लंगडा पडतो. १९७२ तसं होतं, २०२३ तसं होतं. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट, आणि कर्नाटकानं बहुतेक सगळे तालुके दुष्काळी जाहीर केले. पण एल निनो म्हणजे दुष्काळ हे गणित पक्कं नाही. १९९७ चा एल निनो जबरदस्त होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला.

दुसरा संशयित हिंदी महासागर. त्याची पश्चिम बाजू तापली आणि पूर्व बाजू थंड झाली की मान्सूनला बळ मिळू शकतं. २०१९ मध्ये हे फार ठळक होतं. त्याच वर्षी उन्हाळ्यात कृष्णेचं पात्र कोरडं पडलं म्हणून कोयनेतून पाणी सोडा अशी मागणी चालली होती, जूनमध्ये देशात ३३ टक्के तूट होती, आणि ऑगस्टमध्ये त्याच काठावरची गावं बोटीनं हलवावी लागली. वर्षअखेर देशाचा हंगाम सरासरीच्या ११० टक्के. जूनमध्ये 'दुष्काळ' आणि ऑगस्टमध्ये 'महापूर' लिहिणारे दोघेही आपापल्या तारखेला बरोबर होते.

मान्सून लवकर आला की लोक लगेच बोटं मोडतात. २०२५ मध्ये तो २४ मे रोजी केरळात आला, २६ मे रोजी मुंबईत, आपल्याकडेही मे संपायच्या आत. याआधी इतका लवकर तो २००९ मध्ये, २३ मे रोजी आला होता. आणि २००९ चा हंगाम? देशात सरासरीच्या ७८ टक्के, १९७२ नंतरचा सगळ्यात वाईट. येण्याच्या तारखेवरून पुढचं काही सांगता येत नाही आणि एका तारखेवरून हवामान बदलही सिद्ध होत नाही.

६. आता हवामान बदलाकडे या

इथवर येऊनही घटना असाधारण उरली असेल, तर हा प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला मिळाला. पण 'हवामान बदलामुळे झालं का' असा हो-नाहीचा प्रश्न विचारू नका. शास्त्रज्ञही तसा विचारत नाहीत.

समजा, तुमच्या बांधाशेजारच्या नाल्याच्या तळाशी दोन बोटं जाडीचा थर कायमचा बसला. यापुढचा प्रत्येक लोंढा दोन बोटं वरून जाणार. जो लोंढा बांधावरून हातभर वर जाणारच होता, तो आता हातभर आणि दोन बोटं जाईल. शेत तसंही बुडालं असतं, फक्त थोडं जास्त बुडालं. जो बांधाच्या एक बोट खालून निघून गेला असता, तो मात्र आता आत येतो. लोंढा त्या थरानं आणला का? नाही. थराचा वाटा आहे का? प्रत्येक लोंढ्यात आहे. मग प्रश्न दोनच: यात दोन बोटांचा वाटा किती, आणि शेतात पाणी शिरण्याची वेळ आता किती वेळा येते.

शास्त्रज्ञ हा हिशेब संगणकावर करतात. एकीकडे आजचं वातावरण, दुसरीकडे कारखानदारीच्या आधीचं, दहा लाख भागांत सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड असलेलं. आज तो ४२० च्या वर गेला आहे. दोन्ही जगांत पुन्हा पुन्हा पाऊस पाडून बघायचा आणि तशी घटना कुठे किती वेळा येते ते मोजायचं. २००३ च्या युरोपातल्या उष्णतेच्या लाटेवर २००४ मध्ये असा पहिला गाजलेला अभ्यास झाला. तशा लाटेची शक्यता माणसामुळे किमान दुप्पट झाली, असं त्यात निघालं. पुढे फ्रिडेरिके ओटो आणि खेर्त यान फान ओल्डेनबोर्ख यांच्या गटानं असे अभ्यास काही आठवड्यांत करण्याची पद्धत बसवली.

कोणत्या घटनेत पुरावा किती घट्ट, हे सारखं नसतं. उष्णता सगळ्यात घट्ट. मार्च-एप्रिल २०२२ ची भारत-पाकिस्तानातली लाट माणसामुळे सुमारे ३० पट जास्त संभाव्य झाली होती, असं ओटो यांच्या गटानं काढलं. मात्र शहरात एक गाळणी आणखी लावा. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे ते झाडांमुळेही. रस्ते रुंद झाले, झाडं गेली, कौलं जाऊन स्लॅब आले. सिमेंट दिवसभराची ऊब रात्री सोडतं, म्हणून रात्रीचं किमान तापमान शहरात आणि जवळच्या खेड्यात किती वेगळं आहे ते बघा. दोन्हीकडे सारखं वाढलं असेल तर कारण मोठं. शहरातच वाढलं असेल तर कारण तुमच्याच रस्त्यावर आहे.

त्याखाली अतिवृष्टी. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, हे भौतिकशास्त्र पक्कं आहे. ३० जुलै २०२४ च्या वायनाडच्या दरडींआधीचा पाऊस, आपल्याच सह्याद्रीच्या रांगेतला, तापमानवाढीमुळे सुमारे १० टक्के जास्त होता असं अभ्यासात निघालं. हा आकडा नीट वाचा. दहा टक्के जास्त म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक पाऊस मान्सूनचाच. पण भिजून भारावलेल्या डोंगराला किंवा तुडुंब धरणाला शेवटचे दहा टक्केच जड जातात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. आपला जिल्हा त्या पट्ट्याच्या दक्षिणेला पडतो, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा उचलून बेळगावला चिकटवू नका.

दुष्काळ, गारपीट, मान्सून येण्याची तारीख यांत पुरावा बराच सैल. तिथे जीभ आवरा.

७. मग बोलायचं कसं?

"हे हवामान बदलामुळे झालं" हे वाक्य वहीतून खोडा. त्याऐवजी: "असा पाऊस इथे क्वचित पडतो, गरम हवेमुळे तो आणखी जोरदार होण्याकडे कल आहे, आणि पाणी घरात शिरलं ते मोरी लहान केल्यामुळे." लांब आहे, मथळ्यात बसत नाही, पण ग्रामसभेत उभं राहून बोललात तर कुणी खोडून काढणार नाही. तिसरा भाग बोलताना मोरीचा फोटो आणि त्या रात्रीचा आकडा हातात असू द्या. आमच्या मोरीचे पाइप त्या दोन कागदांवरच बदलले गेले, दीड वर्षानं का होईना.

काकांनी आता स्वतःच्या परसात बाटली लावली आहे. त्यांच्या आणि माझ्या आकड्यांत चार-पाच मिलिमीटरचा फरक येतो. त्यांच्या बाटलीवर शेवग्याची फांदी आली आहे असं माझं म्हणणं. ते म्हणतात, तुमच्याच बाटलीला गळती आहे.